अबीगईलचे शहाणपण आणि तेंदूच्या हंगामातला पैसा

शास्त्रभाग : १ शमुवेल २५:२-४२, नीतिसूत्रे ३१:१-३१, याकोब ३:१३-१८



'शहाणा' हा शब्द आपण लहान मुलाला लाडाने म्हणतो. तोच शब्द लग्न झालेल्या बाईसाठी वापरला की त्याचा सूर बदलतो. "फार शहाणी झालीस," "तुझं शहाणपण तुझ्याजवळच ठेव," "दीडशहाणी कुठली!" पोंभुर्णा तालुक्यातल्या गावांत मी बायकांची शास्त्रसभा घेते तेव्हा 'शहाणी स्त्री' या विषयाला पहिला प्रतिसाद हसण्याचा असतो, आणि त्या हसण्यात थोडी भीतीही असते. शहाणी म्हणवून घ्यायला कोणी तयार नसते. म्हणून या वेळी मी विषयाचे नाव न सांगता सरळ गोष्टीलाच सुरुवात केली.

मे महिना होता. या दिवसांत आमच्याकडे दिवस सूर्यावर चालत नाही, तेंदूपत्त्यावर चालतो. पहाटे अंधारातच बायका घोळक्याने जंगलात शिरतात. एकटीने कोणी जात नाही. वाघाची धास्ती सगळ्यांनाच आहे, आणि मोहफुलांच्या व तेंदूच्या दिवसांत माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. दुपारी घरी येऊन पाने जुळवायची, सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचा. असे हजार पुडे झाले म्हणजे एक प्रमाण गोणी भरते, म्हणजे ७०,००० पाने. हाताला काळा चीक, कमरेत कळ. दोनतीन आठवड्यांच्या या कामातून जो पैसा येतो त्यावर पावसाळ्यापूर्वीचे घर शाकारणे, धानाचे बियाणे, मुलांची पुस्तके असे सगळे उभे असते. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत दारूही जास्त खपते. सभेला आलेल्या पंधरावीस जणींना हे मी सांगायची गरज नव्हती.

तर गोष्ट. मावोनात नाबाल नावाचा मोठा धनवान होता. त्याची तीन हजार मेंढरे आणि एक हजार शेरडे होती. मेंढरांची लोकर कातरण्याचा हंगाम चालू होता. दावीद तेव्हा राजा नव्हता, रानात लपून होता, आणि त्याच्या माणसांनी नाबालाच्या धनगरांना रानात त्रास न देता उलट राखले होते. सणाच्या दिवशी त्याने काही अन्न मागितले. नाबालाने त्याच्या माणसांना हिणवून परत पाठवले. दावीद चिडला, त्याने चारशे माणसांना तलवारी बांधायला लावल्या आणि नाबालाच्या घरचा एकही पुरुष सकाळपर्यंत जिवंत ठेवणार नाही असे ठरवून निघाला.

इथवर गोष्ट दोन तापट पुरुषांची आहे. अबीगईल चौदाव्या वचनात येते, आणि ती येते कारण एक गडी तिच्याकडे धावत येतो. हे मला फार महत्त्वाचे वाटते. गडी मालकाकडे गेला नाही. मालकाशी बोलून उपयोग नाही, असे तो तिला स्पष्टच सांगतो. घरातल्या गड्यामाणसांना ठाऊक होते की संकटात कोणाकडे जायचे. असा विश्वास एका दिवसात मिळत नाही. त्याआधी कितीतरी वेळा ती त्यांचे ऐकून घेत असली पाहिजे. शास्त्र तिची ओळख करून देताना आधी तिच्या समजूतदारपणाचा उल्लेख करते आणि मग रूपाचा. आपल्याकडे मुलगी बघायला जातात तेव्हा क्रम उलटा असतो.

मग ती काय करते? रडत बसत नाही. उपास करून प्रभूची वाट पाहते असेही लिहिलेले नाही. दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरांचे तयार मांस, पाच मापे भाजलेले धान्य, मनुकांचे शंभर घड, अंजिरांच्या दोनशे ढेपा. हा आकडा वाचून दाखवला तेव्हा सभेतल्या एका आजीने विचारले, "इतकं सगळं त्याच दिवशी केलं?" सणाच्या घरात बरेचसे तयार असणार, पण तरी पाहा, कोणत्या कोठारात काय आणि किती आहे हे तिला पाठ होते. घरची मालकी कागदावर नाबालाची होती, मोजदाद तिच्याकडे होती. शहाणपणाची सुरुवात पुष्कळदा इथूनच होते: किती आले, किती गेले, किती उरले.

आणि हे सगळे गाढवांवर लादून पाठवताना तिने नवऱ्याला कळवले नाही. एकोणिसावे वचन तसे स्पष्ट सांगते. या वचनापाशी सभा थांबली. ख्रिस्ती पत्नीने पतीच्या अधीन असावे, हे आमच्या बायकांना चांगले पाठ आहे. लग्नात तेच वाचले जाते. मग अबीगईल चुकली का? मी त्यांना इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय बावीसपासून न वाचता एकविसाव्या वचनापासून वाचायला सांगितला. तिथे आधी सर्वांनी एकमेकांच्या अधीन होण्याची गोष्ट आहे, आणि पुढे पंचविसाव्या वचनात पतीला जी आज्ञा आहे ती पत्नीच्या आज्ञेपेक्षा कितीतरी जड आहे: ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तसे देणे. जो नवरा स्वतःच्या घरादारावर तलवार ओढवून घेतो आहे, त्याच्या मूर्खपणाला हातभार लावणे म्हणजे अधीनता नव्हे. अबीगईलने नाबालाचा जीव वाचवण्यासाठी नाबालाला सांगितले नाही.

मला इथे थोडे स्पष्ट बोलायचे आहे. मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांना ही शिकवण धोक्याची वाटते. बायका नवऱ्यांना न जुमानता वागतील, असे ते म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या गावांत ज्या बाईने तेंदूचे पैसे नवऱ्याला न सांगता बचत गटात भरले, तिने ते साड्यांसाठी भरलेले मी पाहिले नाही. जूनमध्ये तेच पैसे धानाच्या बियाण्याला आणि मुलाच्या आश्रमशाळेच्या सामानाला लागतात, आणि तेव्हा नवऱ्याची मान गावात खाली जात नाही.

आता गोष्टीतला तो भाग, ज्यासाठी मी हा शास्त्रभाग निवडला होता. अबीगईल दावीदाला भेटली. गाढवावरून उतरून तिने नमन केले, दोष आपल्या माथी घेतला, आणि मग शांतपणे त्याला दाखवून दिले की तू उद्या राजा होणार आहेस, आज रागात सांडलेले रक्त तेव्हा तुझ्या मनाला डाचेल. तलवार म्यानात गेली. ती घरी परतली तेव्हा नाबाल राजासारखी मेजवानी झोडत होता आणि दारूत बुडालेला होता. आणि तिने त्याला त्या रात्री एक शब्दही सांगितला नाही. सकाळी, नशा उतरल्यावर, सगळे सांगितले.

मी वाचणे थांबवले. कोणी काही बोलेना. मग भिंतीला टेकून बसलेली एक ताई म्हणाली, "मी पन असंच करतो. रातच्याले त्याले काईच नाही बोलत. सकाळीच बोलतो." तिच्या गावात तिला कोणी शहाणी म्हटले नसेल, पण ती तीन हजार वर्षांपूर्वीच्या अबीगईलच्याच वाटेने चालत होती, कोणी न शिकवता. बाकीच्या माना हलल्या. एकीने मात्र विरोध केला. "रात्री गप्प राहिलं तरी मार बसतेच," ती म्हणाली.

हे वाक्य मी लिहून ठेवले आहे, कारण या पाठाचा सगळ्यात नाजूक सांधा तिथे आहे. अबीगईलची गोष्ट सांगून आपण मार खाणाऱ्या बाईला "गप्प राहा, सकाळी बोल" एवढेच शिकवले तर आपण शास्त्राचा गैरवापर करतो. अबीगईल त्या रात्री गप्प राहिली ती घाबरून नव्हे. तिचे काम तोवर झालेले होते. जे सांगायचे ते ज्याच्या हाती तलवार होती त्याला ती आधीच सांगून आली होती. म्हणून मी सभेत कायदाही सांगते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ चा आहे आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मारहाणीबरोबरच शिवीगाळ, उपाशी ठेवणे, बाईची कमाई हिसकावून घेणे हेही हिंसेत येते. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आणि तक्रार केली म्हणून बाईला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. १८१ हा महिलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे, तातडीची मदत हवी असेल तर ११२. हे दोन आकडे मी वचनांबरोबर पाठ करून घेते. याकोब म्हणतो की वरून येणारे ज्ञान शुद्ध असते, शांतिप्रिय असते, सौम्य असते. त्याच यादीत ते निःपक्षपाती आणि निष्कपट असते असेही तो म्हणतो. शांती टिकवण्यासाठी एकाच्या डोळ्याखालची सूज झाकायची, हे निष्कपट नाही आणि निःपक्षपातीही नाही.

पुढच्या गुरुवारी आम्ही नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय घेतला. हा अध्याय मंडळीत बायकांना वाचून दाखवला जातो तो बहुधा दहाव्या वचनापासून: सद्गुणी स्त्री, ती रात्र संपण्यापूर्वी उठते, तिचा दिवा विझत नाही, ती सूत कातते. तेंदूच्या हंगामात पहाटे तीनला उठणाऱ्या बाईला हे ऐकवायचे म्हणजे जखमेवर मीठच. पण अध्यायाची सुरुवात पाहा. ही सगळी शिकवण एका आईची आहे. लमुएल राजाच्या आईने आपल्या मुलाला दिलेली. आणि तिचा सगळ्यात ठाशीव उपदेश कशाबद्दल आहे? दारूबद्दल. राजांनी मद्य पिणे बरे नव्हे, ती म्हणते, कारण पिऊन ते नियम विसरतील आणि गरिबांच्या न्यायाचे वाटोळे करतील. त्यापुढे लगेच ती मुलाला सांगते की ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड. सद्गुणी पत्नीचे वर्णन त्यानंतर येते. म्हणजे हा अध्याय सुनेला दिलेली कामाची यादी नाही. आई मुलाला सांगते आहे की शुद्धीत राहा, दुबळ्यांचा न्याय कर, आणि बायको कशी ओळखायची ते शिक.

पुरुष मंडळींना या अध्यायातले सहावे आणि सातवे वचन मात्र बरोबर ठाऊक असते, ज्यात मरणाला टेकलेल्या आणि दुःखी माणसाला मद्य द्या असे म्हटले आहे. "आम्ही पण दुःखीच," असे एका भाऊने मला हसत सांगितले होते. वेदना कमी करायला दुसरे औषध नव्हते त्या काळातली ती गोष्ट आहे, आणि तिथेही घरचा पैसा काढून प्या असे लिहिलेले नाही.

दारूबद्दल लिहिताना आपल्या आदिवासी भावंडांविषयी एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगते. मोह हे झाड त्यांच्या घरात आदराचे आहे. त्याची फुले वाळवून खातात, बियांचे तेल काढतात, उन्हाळ्यातली कितीतरी भूक त्या झाडाने भागवली आहे. पूजेतल्या मोहाचा आणि आठवडी बाजाराच्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत विकल्या जाणाऱ्या विषारी दारूचा काही संबंध नाही. या दुसऱ्या गोष्टीविरुद्ध पहिली उभी राहिली ती इथलीच बाई. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती यावी म्हणून डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गारच्या नेतृत्वाखाली हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या विधानसभेपर्यंत पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. २०२१ मध्ये ती उठवली गेली. उठवावी की नाही यावर विद्वानांची वेगवेगळी मते आहेत, चोरटी दारू वाढली होती हे खरेही आहे. पण त्या बायका कोणत्या पुस्तकातून शहाणपण शिकल्या असतील? लमुएलाच्या आईचे नाव त्यांतल्या बहुतेकींनी ऐकलेलेही नव्हते.

आजही गावातल्या परवानाधारक दुकानाविरुद्ध मतदानाची मागणी करता येते. त्याला लोक 'उभी बाटली, आडवी बाटली' म्हणतात. महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकान बंद होते. निम्म्या म्हणजे मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या सगळ्यांपैकी. म्हणून त्या दिवशी शेतात गेलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या कामी येते. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूदही आपल्या राज्यात आहे, पण ती कागदावरच उरकली जाते, वहीवर सह्या फिरवून. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, विसाव्या अध्यायात, आबेल गावच्या एका शहाण्या स्त्रीची गोष्ट आहे. सेनापती योवाबाने गावाला वेढा दिला होता. ती तटावरून त्याच्याशी बोलली आणि मग आपले म्हणणे घेऊन गावातल्या सर्व लोकांकडे गेली. एकटीने परस्पर निकाल लावला नाही. सभा भरवल्यासारखेच हे झाले. तिचे नावसुद्धा लिहिलेले नाही.

एकतिसाव्या अध्यायातली शेवटची बावीस वचने हिब्रू भाषेत बावीस अक्षरांच्या क्रमाने रचलेली आहेत, आपण अ, आ, इ, ई अशा क्रमाने ओव्या रचाव्यात तशी. पाठ व्हावीत म्हणून. हे सांगताना मला पंडिता रमाबाईंची आठवण येते, आणि मराठी ख्रिस्ती स्त्रीच्या शहाणपणाविषयी लिहिताना त्यांचे नाव टाळून पुढे जाताच येत नाही. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले, तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. संस्कृत त्यांच्या जिभेवर होते. पुढे १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभे राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या आणि उपासमारीत सापडलेल्या, वाईट माणसांच्या हाती पडू शकणाऱ्या शेकडो मुली-बायकांना त्यांनी आसरा दिला. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. केडगावला मुक्ती सदन वाढले ते यातूनच.

पण मला त्यांचे खरे शहाणपण दिसते ते नंतरच्या कामात. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून सगळ्या पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, आणि ते मुद्दाम साध्या, घरगुती मराठीत केले. ज्या बाईला संस्कृत शब्दांचे अलंकार चढवणे सहज जमले असते तिने ते उतरवून ठेवले, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे दुष्काळातून आलेली, नुकतीच अक्षरे गिरवायला लागलेली मुलगी होती. छापखान्यातही मुक्तीतल्या मुलीच खिळे जुळवत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तोवर त्या मुद्रिते तपासत होत्या. याकोब तिसऱ्या अध्यायाच्या तेराव्या वचनात ज्ञानाबरोबर जी नम्रता मागतो, ती मला या साध्या मराठीत दिसते. आमच्या सभेतही मी हाच नियम पाळायचा प्रयत्न करते. झाडीबोलीत सांगितलेला शास्त्रभाग बायका घरी जाऊन पुन्हा सांगतात. पुस्तकी मराठीत सांगितलेला सभेच्या दारातच राहतो. गोंडीत सांगणारी एक बहीण सोबत असली तर फारच बरे.

नीतिसूत्रांतली ती स्त्री शेत पाहून, विचार करून ते विकत घेते आणि आपला माल चांगला आहे हे तिला कळते. सोळावे आणि अठरावे वचन. या दोन वचनांवर आम्ही तिसरा गुरुवार घालवला, आणि त्या दिवशी पवित्र शास्त्रापेक्षा पासबुके जास्त उघडली गेली. तेंदूचा पुडा फळीवर कोण मोजते? मुनशी 'पाने फाटकी' म्हणून किती पुडे बाजूला काढतो आणि त्यांची नोंद कुठे होते? मजुरीचे कार्ड कोणाच्या नावावर आहे? पुढे जो बोनस येतो तो कोणाच्या खात्यात जमा होतो? सोळा जणींपैकी पाच जणींची स्वतःची कार्डे होती. बाकीच्यांची पाने नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या कार्डावर चढत होती. त्याच आठवड्यात चार जणी नवे कार्ड मागायला गेल्या. एकीला मिळाले नाही, "पुढल्या साली पाहू" असे उत्तर आले. तिने ते आम्हाला सभेत सांगितले आणि प्रार्थनेत तोच विषय घेतला. पुढच्या हंगामात तिच्याबरोबर तिघीजणी जाणार आहेत.

आपण दूरवरून या कामाला हातभार लावणारे मंडळीतले लोक विचारता की पाठवलेली मदत कशी वापरली जाते. या तीन गुरुवारी ती वह्या, पेनं, दोन कंदील आणि बँकेपर्यंतच्या जीपच्या भाड्याला लागली.

शेवटच्या दिवशी गोष्टीचा राहिलेला भाग वाचला. सकाळी सगळे ऐकल्यावर नाबालाचे काळीज जणू दगडाचे झाले आणि दहा दिवसांनी तो मेला. "दहाच दिवस?" म्हणून एकीने बोटांवर मोजले आणि सगळ्या पोट धरून हसल्या, मलाही हसू आवरेना. मग मी सांगितले की नाबालाला मारणारी अबीगईल नव्हती, तिने तर त्याला वाचवायलाच धडपड केली होती, आणि तो दिवस परमेश्वराच्या हाती होता. नवरा मरावा अशी वाट पाहणे या गोष्टीत कुठेही नाही. नवरा शुद्धीवर यावा म्हणून आम्ही त्या दिवशी नावे घेऊन प्रार्थना केली. सात नावे होती.

उठताना त्या भिंतीजवळच्या ताईने विचारले, "मग अबीगईलचं पुढं कसं झालं? सुखात राहिली का?" ती दावीदाची बायको झाली, पण त्याला आणखीही बायका होत्या. पुढे सिकलागला अमालेक्यांनी धाड घातली तेव्हा ती कैद होऊन गेली आणि दावीदाने तिला सोडवून आणले. तिला एक मुलगाही झाला. हे सारे ऐकून ताई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे त्रास होताच." होताच, मी म्हटले. १ शमुवेल, तिसावा अध्याय. पुढच्या गुरुवारी तोच वाचायचा ठरला आहे.